एक लाख पाच हजार घोड्यांची वैरण

नोव्हेंबर १६७९. जालना लुटून परतणाऱ्या शिवाजी महाराजांच्या फौजेला संगमनेरच्या बाजूला मोगलांनी गाठले. सरदार सिधोजी निंबाळकर धारातीर्थी पडले. हेर बहिर्जी नाइकांनी आडवाटेने महाराजांना आणले ते अकोले तालुक्यातल्या पट्टा किल्ल्यावर, म्हणजे आजच्या विश्रामगडावर. या प्रसंगातली तलवार सगळ्यांना ठाऊक असते. मला मात्र त्या घोड्यांचा हिशेब झोप येऊ देत नाही.

कृष्णाजी अनंत सभासदांनी जिंजीत लिहिलेल्या बखरीत महाराजांच्या सगळ्या घोडदळाचा आकडा दिला आहे: पागा ४५,०००, शिलेदार ६०,०००. एकूण १,०५,००० घोडी. पागेचा घोडा सरकारचा, त्यावरचा स्वार बारगीर. शिलेदार मात्र स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येणारा.

ही घोडी एकामागे एक उभी करा. प्रत्येकाला तीन मीटर दिले, तरी रांग ३१५ किलोमीटरची होते. अकोल्याहून पुण्याला जाऊन परत आले तरी शेपूट उरतेच.

आता पाणी. घोड्याला दिवसाला २५ लिटर धरू. उन्हाळ्यात याहून जास्त लागते. रोज २६ लाख २५ हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे २६३ टँकर. पण आपले भंडारदरा धरण साधारण ११ टीएमसीचे. बाष्पीभवन सोडून दिले, तर एकदा भरलेले धरण या सगळ्या घोड्यांना तीनशेहून अधिक वर्षे पुरेल! मी हा गुणाकार दोनदा करून पाहिला. तेव्हा अडचण पाण्याच्या साठ्याची नव्हती, ते घोड्याच्या तोंडापर्यंत नेण्याची होती. म्हणूनच पागेत दर पंचवीस घोड्यांमागे एक पखाली (पखालीतून पाणी वाहणारा) आणि एक नालबंद नेमलेला असे. पागेपुरतेच १,८०० पखाली झाले आणि तितकेच नालबंद. घोड्याला चार धरले तर पागेच्या नालांची संख्या १ लाख ८० हजार, आणि नाल झिजतात.

पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी. पागेचे भाग पाडले तर ३६ हजारी आणि ३६० जुमलेदार निघतात. जुमलेदाराला वर्षाला ५०० होन. नुसत्या जुमलेदारांचा पगार १ लाख ८० हजार होन!

खरी गोष्ट वैरणीची. दिवसाला घोड्यामागे सात किलो धरले, तर सगळ्यांना ७३५ टन लागते. पावसाळ्यात फौज छावणीला येई आणि दसऱ्याला मुलूखगिरीला बाहेर पडे. बाहेरचे आठ महिने पोट परमुलखावर भरायचे. छावणीतल्या चार महिन्यांचे गवत, दाणा, औषधे आणि आडोशाची घरे मात्र आधीच सिद्ध ठेवावी लागत. पागेपुरते हे गवत ३७,८०० टन होते. शिलेदारांच्या घोड्यांचे ५०,४०० टन वेगळे, आणि त्याची काळजी ज्याच्या दारात घोडा बांधलेला, त्याची. राज्याने पगार द्यायचा, घोडा घराने जगवायचा. एवढ्या मोठ्या घोडदळाचा निम्म्याहून अधिक भार गावोगावच्या तबेल्यांनी उचलला. स्वराज्याचा इतिहास सांगताना या तबेल्यांना आपण फार कमी जागा देतो. महाराजांनी मात्र शिलेदारांना मोकळे सोडले नाही. त्यांना पागेच्या हाताखाली ठेवले, म्हणजे बंडाची सोय राहू नये.

शिलेदारीची ही पद्धत इतकी किफायतशीर, की ब्रिटिशांच्या हिंदी रिसाल्यांनीही ती उचलली. १८१७ मध्ये उभा राहिलेला पूना हॉर्स त्यातलाच. पहिल्या महायुद्धात मात्र परदेशात मेलेल्या घोड्याची भरपाई घरून करणे शक्य होईना आणि शिलेदारी संपली. रिसाला पुढे रणगाड्यांवर गेला. १९६५ च्या युद्धात लेफ्टनंट कर्नल तारापोर आणि १९७१ मध्ये अवघ्या २१ वर्षांचे अरुण खेत्रपाल, असे दोन परमवीर पूना हॉर्सने दिले. रणगाड्यांचे संग्रहालय आपल्याच जिल्ह्यात, अहिल्यानगरला आहे. मुलांना तिथे जरूर न्या, पण त्याआधी एकदा पट्ट्यावर चढवा.