कुरकुंभमध्ये शॉपिंग? हो, शॉपिंगच!

‘कुरकुंभला काय मिळतं?’ या प्रश्नाला पहिलं वर्षभर माझं एकच उत्तर असायचं. ‘अॅसिड!’ मग सगळे खो-खो हसायचे, मीही हसायचे आणि विषय संपायचा.

मी मूळची सहकारनगरची. तळजाईच्या पायथ्याशी, गुलमोहराच्या सावलीत वाढलेली टिपिकल पुणेकर मुलगी. आमच्याकडे शॉपिंग म्हणजे पायात चपला सरकवायच्या आणि दहा मिनिटं झाडांखालून चालायचं. भाजी, बेकरी, इस्त्रीवाला, टेलर, सगळं त्या दहा मिनिटांत. एम.एस्सी. झाल्यावर कुरकुंभ एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये नोकरी लागली. रोजचे चार तास कंपनीच्या बसमध्ये जायला लागले, तेव्हा वैतागून गावातच एक खोली भाड्याने घेतली. घरमालकीण मावशी खालच्या मजल्यावर, मी वर.

आणि मग सुरू झाला माझा वीकेंडचा फंडा. शनिवारी संध्याकाळी रिकामी सॅक घेऊन पुणं गाठायचं, रविवारी रात्री ती गच्च भरून परतायचं. शाम्पू, बिस्किटं, कपडे, गूळ, अगदी कोथिंबीरसुद्धा! एकदा मावशींनी जिन्यातच पकडलं. सॅकमधून डोकावणारी जुडी बघून म्हणाल्या, ‘का गं, आमचीच कोथिंबीर पुण्याला जाऊन आली का परत?’

मी गप्प. बसच्या खिडकीतून दर आठवड्याला जे मळे बघत होते, तिथलीच ती जुडी असण्याची शक्यता चांगलीच होती. त्या दिवशी ठरवलं, तीन महिने पुण्याहून काहीही आणायचं नाही. जे मिळेल ते इथेच शोधायचं. त्या तीन महिन्यांत जे सापडलं, ते तुमच्यासाठी. आणि एक वस्तू चुकूनही घेऊ नये अशीही सापडली. तिच्याबद्दल शेवटी.

चौकातला खजिना

सोलापूर हायवे आणि दौंड-बारामती रस्ता एकमेकांना छेदतात ते कुरकुंभ. चौकातल्या दुकानांकडे मी ढुंकूनही बघितलं नव्हतं. हातमोजे, हेल्मेट, गमबूट, दोऱ्या... हे काय शॉपिंग आहे? पण एकदा पावसाळ्यात माझ्या चारशे किलोमीटरही न चाललेल्या ‘ट्रेंडी’ बुटांनी मान टाकली आणि मी इथून गमबूट घेतले. बॉस, चिखलात त्यांच्यासारखा मित्र नाही! सेफ्टी शूज घ्यायचे असतील तर आयएसआयचा शिक्का आणि त्यावर ‘आयएस 15298’ हा क्रमांक बघून घ्या. ट्रेकला मात्र ते नेऊ नका. पुढे स्टीलची टोपी असते, उतारावर बोटांचे हाल होतात.

माझी सगळ्यात लाडकी खरेदी म्हणजे सेफ्टी गॉगल. रंगपंचमीला भाचरांना एकेक दिला. सोसायटीतली बाकीची पोरं डोळे चोळत होती आणि आमची फौज ऐटीत फिरत होती. नायट्राइलचे हातमोजेही झकास. बाइकची चेन साफ करा, नाहीतर कुंड्यांतली माती कालवा, नेलपेंट जागच्या जागी.

आणि बांगड्या? त्या फिरंगाई मातेच्या नवरात्रात. देवीच्या दर्शनाला आसपासच्या गावांतून माणसं येतात आणि त्यांच्यामागून दुकानं. काचेच्या बांगड्या भरताना कासारीण हात असा काही दाबते, की लहान मापाचीही बांगडी सुळ्ळकन आत जाते. मॉलमधल्या बांगडीच्या डब्यात ही सोय नाही.

झाडं हवीत? मग दौंड

सहकारनगरची आठवण आली, की मी दौंडला जाते. दहा-बारा किलोमीटर. मनमाडची लाइन 1878 मध्ये इथे येऊन मिळाली आणि दौंड जंक्शन झालं. स्टेशनच्या बाजूला जुनी रेल्वे क्वार्टर्स, रुंद रस्ते आणि मोठमोठी झाडं. दुपारी तिथून चालताना क्षणभर वाटतं, आता वळणावर आमची बेकरी येणार!

रेल्वेमुळे इथे देशभरातली माणसं येऊन राहिली, राज्य राखीव पोलीस दलाचे गटही इथे आहेत. बाजाराला त्यामुळे आपोआप व्हरायटी येते. माझी खास टिप म्हणजे टेलर. माझ्या फॉर्मल पँट मी इथल्या एका काकांकडून शिवून घेते. गणवेश शिवून शिवून त्यांचा हात असा बसलाय, की शिवण उसवायची नाव नाही. मी पहिल्यांदा ‘स्लिम फिट’ म्हटलं तेव्हा त्यांनी चष्म्यावरून बघितलं. ‘बसून काम करता ना, ताई? मग बसता आलं पाहिजे.’ त्यांचं ऐकलं. ती पँट आजही माझी सगळ्यात आवडती आहे.

गूळ घ्या, पण काळासावळा

कुरकुंभहून पुण्याकडे निघालं, की पाटस, चौफुला, केडगाव, यवत हा पट्टा लागतो. गुऱ्हाळांचा पट्टा. वास आला की गाडी आत घ्या. काहिलीत रस उकळत असतो, चुलवाणात उसाचीच चिपाडं जळत असतात. रसात भेंडीचं चिकट पाणी घातलं, की मळी वर येते, ती काढून टाकायची. मग पाक कधी उतरवायचा हे गुळव्या ठरवतो. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही. पाण्यात टाकलेल्या पाकाची गोळी बोटांनी दाबून बघतो, बस्स. आम्ही लॅबमध्ये ज्या कामासाठी लाखोंचं मशीन लावतो, ते हा माणूस दोन बोटांत करतो!

एक टन उसापासून साधारण 100 ते 120 किलो गूळ निघतो. मग कुणी तुम्हाला पिवळाधमक, सोन्यासारखा गूळ दाखवला तर? भुलू नका. रसाचा रंग उडवायला काही जण हायड्रॉस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट वापरतात. गुळात सल्फर डायऑक्साइडचं प्रमाण दहा लाखांत 70 भागांपेक्षा जास्त नसावं, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. पण दुकानात उभं राहून ते कसं मोजणार? त्यापेक्षा तपकिरी गूळ घ्या. आणि फिकट गूळ आणलाच असेल, तर ठेवून बघा. हायड्रॉसने उडवलेला रंग टिकत नाही, ढेप हळूहळू काळवंडते. सोबत काकवीची बाटली घ्यायला विसरू नका. गरम भाकरी, काकवी, तूप. डाएट सोमवारपासून!

मासे? इथे?

हो, इथे. सोलापूरच्या दिशेने अर्धा-पाऊण तास, भिगवण. उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झालं, भीमेचं पाणी मागे पसरलं आणि या दुष्काळी टापूत मासेमारी उभी राहिली. चिलापी, कटला, रोहू, कधी मरळ. आमच्या लॅबमधला मालवणी सहकारी आधी नाक मुरडत होता. ‘गोड्या पाण्यातला मासा म्हणजे भाजीच!’ भिगवणच्या हॉटेलात मरळीची तुकडी खाल्ल्यावर मात्र त्याने दुसरी प्लेट मागवली, तीही आमच्याशी नजर न मिळवता. विकत घेताना कल्ले लालभडक आहेत ना, डोळे चकचकीत आहेत ना आणि बोटाने दाबल्यावर खड्डा भरून येतोय ना, एवढं बघा. थंडीत गेलात तर बॅकवॉटरला रोहित पक्षी फुकटात बघायला मिळतात.

आणि ही घेऊ नका

तिसऱ्या महिन्यात मावशींनी कौतुकाने त्यांची खरेदी दाखवली. ‘बघ, दोनशे लिटरचा. नव्याच्या पाव किमतीत आला.’ अंगणात निळा प्लॅस्टिकचा ड्रम उभा होता. पाणी एक दिवसाआड येतं, त्यामुळे साठवायला हवाच. स्वयंपाकाचं पाणीही त्यातूनच.

मी झाकण उघडलं. वास आला. अगदी हलका, पण मी तो रोज घेते. टोल्युईन. बाहेरच्या बाजूला अर्धवट फाटलेल्या लेबलवर धोक्याचं चिन्ह अजून दिसत होतं.

‘चार वेळा राखेनं घासलाय गं,’ मावशी म्हणाल्या.

घासून जात नाही. या ड्रमचं प्लॅस्टिक असे सॉल्व्हंट शोषून घेतं आणि मग ते हळूहळू पाण्यात सोडत राहतं. घातक रसायनांचे रिकामे ड्रम हा 2016 च्या नियमांनुसार घातक कचराच आहे. ते साफ करण्याची परवानगी असलेल्या ठिकाणीच जायला हवेत. पण कुठेतरी गळती होते, भंगारात येतात आणि मग निळे, मजबूत, स्वस्त ड्रम अंगणात जाऊन उभे राहतात.

मावशींना हे सांगताना माझी जीभ अडखळली. कारण वर माझ्या खोलीत वीस लिटरचा पाण्याचा जार होता. पहिल्या दिवसापासून. खाली कशात पाणी भरतात, हे मी एकदाही बघितलं नव्हतं. मी केमिस्ट, आणि वास मला वर्षभराने आला.

त्या रात्री बराच वेळ झोप लागली नाही. इथली भाजी, गूळ, मासे पुण्याला जातात. पुण्याकडून काय येतं? मुळा-मुठेचं पाणी, जे दौंडच्या आधीच भीमेला मिळतं आणि पुढे उजनीत जातं. आमच्यासारखे पगारदार, जे पगार पुण्यात खर्च करतात. आणि आमचे रिकामे ड्रम.

दुसऱ्या दिवशी आमच्या सेफ्टी ऑफिसरना गाठलं आणि तो ड्रम योग्य ठिकाणी रवाना केला. रविवारी मावशी आणि मी दौंडला गेलो. नवी टाकी घेताना मावशींनी दुकानदाराशी अशी काही घासाघीस केली, की मी बाजूला उभं राहून शिकतच राहिले. पैसे मी देऊ केले, त्यांनी अर्धेच घेतले. ‘उरलेले भाड्यात वळते करू. फुकट नको.’ येताना टेम्पोत टाकी आणि आम्ही दोघी मागे, तिला धरून बसलेल्या. सहकारनगरच्या मैत्रिणींनी बघितलं असतं तर!

आता मी अजूनही शनिवारी पुण्याला जाते. फरक एवढाच, की सॅक जाताना भरलेली असते. गूळ, काकवी, भाजी, आईसाठी बांगड्या. येताना ती रिकामी असते आणि बसमध्ये पाय पसरायला जागा मिळते.

जाण्यापूर्वी

• कापडी पिशवी न्या. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर राज्यात 2018 पासून बंदी आहे. काकवीसाठी घट्ट झाकणाची बाटली नेली तर उत्तम.

• मासे आणणार असाल तर बर्फाचा डबा गाडीत टाका. हायवेवरचं ऊन कुणाचीही गय करत नाही.

• पाण्याची टाकी घेताना ‘आयएस 12701’ हा क्रमांक बघा. तळाशी त्रिकोणात ‘2’ लिहिलंय म्हणजे फूड-ग्रेड, असं समजू नका. तो आकडा फक्त प्लॅस्टिकचा प्रकार सांगतो.

• निळा ड्रम कितीही स्वस्त मिळाला तरी पाण्यासाठी नको. आणि तुमच्या घरमालकीणबाई, कामवाल्या मावशी किंवा वॉचमनकाका कशात पाणी भरतात, तेही एकदा बघा.