हानलेच्या पठारावर गिअर ऑइल

पहाटे ५.३०
लडाखच्या चांगथांगमधलं हानले गाव. उंची ४,३०० मीटरच्या आसपास, ऑगस्टातही पहाटे बोटं बधिर होतात. पुण्याहून येणाऱ्या फोर बाय फोर गाड्यांच्या ताफ्याबरोबर मी मेकॅनिक म्हणून असतो. माझा दिवस गाड्यांखाली सुरू होतो. रात्री प्रत्येक गाडीखाली पुठ्ठा सरकवलेला असतो, तो टॉर्चच्या उजेडात बघायचा. लालसर थेंब दिसला तर बोटावर घ्यायचा. एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, पातळ आणि गुळगुळीत लागतं. लाल-गुलाबी कूलंट पाण्यासारखं असतं आणि सुकलं की चिकटतं. डिफरन्शियलचं ऑइल जाड, त्याला गंधकाचा उग्र वास. आज सगळे पुठ्ठे कोरडे आहेत.

सकाळी ६.१५
ताफ्यातल्या एका जुन्या गाडीच्या गिअरबॉक्सला डिपस्टिक आहे. इंजिन गरम झालं की ते चालू ठेवून, ब्रेकवर पाय दाबून लिव्हर सगळ्या गिअरमधून हळूहळू फिरवायचा, पुन्हा ‘पी’मध्ये आणायचा आणि मगच पातळी बघायची. डिपस्टिक असलेल्या बहुतेक गाड्यांची हीच रीत आहे. काही कंपन्या इंजिन बंद करून बघायला सांगतात, म्हणून मॅन्युअल हाताशी हवं. बाकीच्या नव्या गाड्यांना डिपस्टिकच नाही. त्यांची पातळी गाडीखाली जाऊनच कळते.

निघण्यापूर्वी पेटी तपासतो. त्या त्या गाडीच्या ग्रेडच्या एटीएफचे सीलबंद डबे, हातपंप आणि पारदर्शक नळी, अ‍ॅलन की, नवे वॉशर, ऑइल कूलरची होज, क्लॅम्प, जोडनळी, ओबीडी स्कॅनर, ताडपत्री, रिकामा कॅन. लेह सोडलं की यातलं काही मिळेल असं धरून चालत नाही. ग्रेडच्या बाबतीत तडजोड नाही. डेक्स्ट्रॉन ३ मागणाऱ्या गाडीत डब्ल्यूएस ओतायचं नाही, आणि सीव्हीटीचं ऑइल तर वेगळंच असतं. आतले क्लच त्या ऑइलच्या घर्षणगुणावर पकडतात आणि सोडतात. चुकीचं ऑइल पडलं की ते घसरतात, जळतात.

सकाळी ९.३०
फोटी ला ओलांडून उमलिंग ला खिंडीकडे. सीमा सडक संघटनेनं बांधलेला हा रस्ता १९,०२४ फुटांवर जातो. तिथल्या हवेची घनता समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मी. इंजिनाची ताकद घटते, कूलरमधून जाणारी हवाही कमी पडते. हळू चढताना टॉर्क कन्व्हर्टर घसरत राहतो आणि ती सगळी उष्णता ऑइलमध्ये उतरते. वॉकीटॉकीवर सांगतो, “खडी चढण आणि कच्चा रस्ता आला की थांबा, न्यूट्रल करा, फोर-लो टाका.” स्कॅनरवर एका गाडीचं गिअर ऑइल १०५ अंशांवर गेलं होतं, फोर-लोमध्ये ते खाली आलं.

दुपारी १२.४०
उतरताना उकडुंगलेच्या मैदानात मागच्या गाडीतल्या काकांचा निरोप येतो. “दादा, ‘डी’ टाकला तरी गाडी उशिरा उचलतेय. आरपीएम वाढतो, वेग वाढत नाही.” पाठोपाठ दुसरा आवाज: “काकांच्या गाडीमागे रस्त्यावर ओली रेघ आहे.”

“काका, आत्ताच थांबा. इंजिन बंद!” गिअरबॉक्सचा पंप इंजिनावर चालतो. होज फाटली असेल तर इंजिन चालू असलेल्या दर मिनिटाला तोच पंप ऑइल बाहेर फेकतो. ‘पुढच्या गावापर्यंत नेऊ’ म्हणणाऱ्याचा गिअरबॉक्स जातो. ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून सुरू होत नाही आणि चाकं जमिनीवर ठेवून सरसकट ओढताही येत नाही. इथे मोबाइलच्या रेंजवर भरवसा नाही, आणि सरकारी परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं भारतात गुन्हा आहे. काम जागेवरच करायचं.

दुपारी १.१५
चारही चाकांना दगडांची उटी, खाली ताडपत्री. गार्ड काढल्यावर कारण दिसतं. उडालेल्या दगडानं कूलरकडे जाणारी रबरी होज टोकाजवळ चिरली आहे. एटीएफ इंजिन ऑइलसारखं जळून कमी होत नाही. ते कमी झालं म्हणजे गळलं, आणि गळती थांबवल्याशिवाय ओतणं व्यर्थ. रेडिएटर उघडून बघतो, कूलंट स्वच्छ आहे. ते गुलाबी ताकासारखं गढूळ असतं तर आतला कूलर फुटून पाणी गिअरबॉक्समध्ये गेलं असतं आणि गाडी उचलूनच न्यावी लागली असती. नवी होज बसवून दोन्ही क्लॅम्प आवळतो. पाण्याची होज इथे चालत नाही. गरम एटीएफनं ती फुगते आणि सुटते.

दुपारी २.१५
आता भरणं. वारा धूळ उडवतोय, म्हणून फिलर प्लगभोवती आधी तारेचा ब्रश, मग कोरडं फडकं. व्हॉल्व्ह बॉडीतल्या बारीक वाटा कणभर वाळूनं अडकतात. पहिला नियम: फिलर प्लग आधी उघडायचा, खालचा नंतर. खालून ऑइल सोडून दिलं आणि वरचा प्लग जाम निघाला, तर आहे ते ऑइलही गेलं आणि गाडीही गेली.

फिलर सुटला. मग तळाचा ओव्हरफ्लो प्लग काढतो. त्यातून थेंबही येत नाही, म्हणजे पातळी बरीच खाली. वरून हातपंपानं ऑइल सोडतो, खालून धार लागली की प्लग लावतो. काका ब्रेकवर पाय ठेवून इंजिन सुरू करतात आणि सांगतो तसा लिव्हर ‘पी’, ‘आर’, ‘एन’, ‘डी’मधून फिरवतात. होज आणि कन्व्हर्टर भरतात, पातळी पुन्हा उतरते.

दुपारी ३.००
यापुढचं काम तापमानाचं. गरम झालं की एटीएफ फुगतं. थंड असताना काठोकाठ भरलं तर पुढे ते जास्त होतं, फिरत्या भागांत घुसळून फेस होतो. फार तापल्यावर पातळी बघितली तर जास्तीचं वाहून जातं आणि थंड झाल्यावर कमी पडतं. मग पंप हवा ओढतो. या गाडीला ४० अंशांच्या आसपास बघायचं आहे, नेमकी मर्यादा मॅन्युअलमध्ये असते. स्कॅनरवर ३६, ३८, ४०. इंजिन चालू, काकांचा पाय ब्रेकवर, हँडब्रेक ओढलेला. खालचा प्लग सोडतो. जाड धार, मग बारीक, मग तुटक. धारेचे थेंब झाले तीच बरोबर पातळी. नवा वॉशर लावून प्लग बसवतो आणि जोर बेतानं लावतो, कारण अ‍ॅल्युमिनियमचे आटे एका झटक्यात जातात.

दुपारी ३.४५
सांडलेलं ऑइल ताडपत्रीवरून कॅनमध्ये, भिजलेली मातीही पिशवीत. हा अभयारण्याचा प्रदेश आहे. हानलेच्या पाणथळीत काळ्या मानेचे क्रौंच घरटी करतात. आपलं ऑइल या जमिनीत मुरू द्यायचं नाही, ते लेहला परत न्यायचं.

संध्याकाळी ६.३०
हानले. वाटेत दोनदा थांबून होज बघितली, कोरडी. गिअर सुरळीत पडतात. रात्री पुन्हा पुठ्ठा.

रात्री ८.३०
वहीत नोंद: किती ऑइल गेलं, कोणत्या ग्रेडचं, कोणती होज. काकांना सांगतो, “घरी गेल्यावर पूर्ण ऑइल बदला.” ‘लाइफटाइम’ म्हणून विकलं जाणारं ऑइलही उंच घाटात आणि कच्च्या रस्त्यावर लवकर थकतं.

लडाखला किंवा स्पितीला ऑटोमॅटिक गाडी नेणार असाल तर निघण्याच्या पंधरा दिवस आधी तिला आपल्या गॅरेजच्या लिफ्टवर चढवा. फिलर प्लग एकदा सोडवून, नवा वॉशर लावून बसवून घ्या. कूलरच्या होज बोटांनी दाबून बघा. मॅन्युअलमधलं तापमान आणि ऑइलची ग्रेड कागदावर लिहून गाडीत ठेवा, आणि त्याच ग्रेडचं किमान चार लिटर ऑइल बरोबर घ्या. अशा रस्त्यांवर दुकान नाही. गाडीत जे असेल तेवढंच.