जड गोळीची करामत

इंग्लंडमधील बिस्लीला नेमबाज ९१४ मीटर दूरचे लक्ष्य वेधतात. काडतूस स्वतः भरणारे काहीजण त्यासाठी मुद्दाम जड गोळी घेतात. ती जागची हलायला वेळ लावते; दारू तेवढीच ठेवली तर वायूचा दाब वाढून रायफल फुटायची! म्हणून दारू कमी, सुरुवातीचा वेगही कमी.

मग फायदा काय? टेबल-टेनिसचा चेंडू आणि तेवढाच दगड फेकून पाहा. हवेच्या रोधाला दगड दाद देत नाही. वेग ध्वनीच्या वेगाजवळ, सेकंदाला सुमारे ३४० मीटरवर, घसरला की गोळी डगमगते. जड गोळीवर ही पाळी उशिरा येते. मात्र त्याच जाडीची जड गोळी लांब असते. ती कोलमडू नये म्हणून भोवऱ्यासारखी अधिक जोराने फिरवावी लागते. नळीतले पीळ दाट हवेत. किती, याचे सूत्र गणितज्ञ ग्रीनहिल यांनी १८७९ साली दिले.