एका तासाचें बोलणें, किती तासांचें लेखन?

घरांतील वडील माणसांच्या आठवणी हल्लीं पुष्कळ मंडळी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवितात, आणि एखाद्या रविवारीं बसून त्या कागदावर उतरवूं, असा संकल्प करितात. बोलणें तासाभराचें, तेव्हां लिहिण्यास दीड-दोन तास पुरेत, असा त्यांचा अंदाज असतो. पहिल्या रविवारीं दहा-पंधरा मिनिटांचें काम होतें, आणि पुढें तो संकल्प तसाच राहतो. येथें आळसाला दोष देणें बरोबर नाहीं. मूळ अंदाजच चुकलेला असतो.

प्रथम साधें त्रैराशिक मांडूं. निवांतपणें बोलणारा मनुष्य मिनिटास १२० शब्द बोलतो असें धरूं. म्हणजे तासास ७,२०० शब्द झाले. महाराष्ट्रांत मराठी टंकलेखनाच्या शासकीय परीक्षा मिनिटास ३० व ४० शब्द या वेगांच्या आहेत. ३० शब्दांची परीक्षा उत्तीर्ण झालेला मनुष्य एकदांही न थांबतां लिहीत राहिला, तर त्यास ४ तास लागतील. ४० शब्दांच्या वेगानें ३ तास. पण परीक्षेंत उतारा डोळ्यांपुढें स्थिर असतो. येथें तो कानांवरून निघून जातो. दहा-बारा शब्द ऐकावे, यंत्र थांबवावें, लिहावें, खात्रीसाठीं पुन्हां मागें जावें, असा क्रम चालतो. आणि शेवटीं सर्व मजकूर मूळ आवाजाशीं ताडून पाहण्यास आणखी एक तास हवाच. वक्ता एकच, उच्चार स्पष्ट आणि लेखक सरावलेला, अशा अनुकूल परिस्थितींतही एकास चार हें प्रमाण या धंद्यांतील लोक धरितात. नवशिक्यानें सहा धरावे. चार माणसें एकदम बोलत असलीं, तर दहाही थोडे पडतात.

हा सारा वेळ बोटांचा नव्हे. आमच्या शेजारच्या एका नव्वदीच्या गृहस्थांच्या आठवणी मीं अशा उतरविल्या. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्यांत पूर आला, त्याचें वर्णन त्यांनीं फार रसाळपणें केलें होतें. मध्येंच एक वाक्य आलें : "त्या दिवशीं मी पुण्यांत नोतों." 'नव्हतों' हा शब्द बोलतांना 'नोतों' होतो, आणि वर पंखा घरघरत असला म्हणजे 'नोतों' आणि 'होतों' यांत भेद उरत नाहीं. तें वाक्य मीं पांच-सहा वेळां ऐकलें. निर्णय होईना, म्हणून पुढें ऐकत गेलों, तों ते त्या दिवशीं साताऱ्यास सासुरवाडीस होते असा उल्लेख सांपडला. एका अक्षरापायीं दहा मिनिटें गेलीं; पण त्या एका अक्षरावर सारें वर्णन डोळ्यांनीं पाहिलेलें कीं लोकांकडून ऐकलेलें, हें ठरावयाचें होतें. 'होतों' असें लिहिलें गेलें असतें, तर नातवंडांनीं तें खरें मानिलें असतें.

मोठ्यांच्या बाबतींतही हेंच घडतें. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांची १९७१ ते १९७३ या काळांतील सुमारें ३,७०० तासांचीं संभाषणें गुप्तपणें ध्वनिमुद्रित झालीं होतीं. १९७४ च्या एप्रिलांत अध्यक्षांच्या कचेरीनें त्यांतील कांहींचे लेखी उतारे प्रसिद्ध केले. प्रतिनिधिगृहाच्या न्यायसमितीनें आठ संभाषणें आपल्या माणसांकडून स्वतंत्रपणें उतरवून घेतलीं, तों दोन्ही उताऱ्यांत जागोजाग तफावत आढळली. एकांत 'ऐकूं येत नाहीं' म्हणून सोडलेले शब्द दुसऱ्यांत स्पष्ट छापलेले होते. तेथें प्रश्न अध्यक्षपदाचा होता.

लघुलेखनानें हा वेळ वांचतो, असा एक समज आहे. पिटमन यांनीं १८३७ सालीं आपली लघुलिपि प्रसिद्ध केली, तिनें बोलण्याच्या वेगानें टिपणें शक्य होतें खरें. परंतु त्या रेघोट्यांचें वाचनीय लेखन करण्यास पुन्हां बैठक मारावीच लागते.

आतां संगणक तासाभराचें बोलणें कांहीं मिनिटांत लिहून देतो. ही सोय मोठी आहे, आणि स्वच्छ आवाजाच्या प्रमाण मराठींत तिचा लाभ मीं स्वतः घेतला आहे. पण वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणें, गांवांचीं नांवें, मध्येंच येणारे इंग्रजी शब्द, येथें तो अडखळतो. आणि अडखळला हें सांगत मात्र नाहीं. मनुष्यास ऐकूं आलें नाहीं तर तो जागा कोरी सोडतो. यंत्र तेथें शोभेसा शब्द बसवितें. क्वचित् कोणीही बोललें नसतां आख्खें वाक्य घालतें. असें वाक्य व्याकरणशुद्ध असल्यामुळें नुसतें वाचून खटकत नाहीं. तें पकडावयाचें तर संबंध तास कान देऊन ऐकलाच पाहिजे. दुरुस्त्या धरून दोन-अडीच तास सहज जातात.

आकाशवाणीवरील भाषण मासिकांत छापण्यास एवढे कष्ट पडत नाहींत, याचें कारण वक्त्यानें तें बहुधा आधींच लिहून आणिलेलें असतें. आजी-आजोबांचें तसें नसतें. त्यांच्या आठवणी लिहून काढावयाच्या असतील, तर प्रथम मधलीं दहा मिनिटें घ्यावीं. आरंभींचीं नकोत, कारण आरंभीं मनुष्य जपून आणि सावकाश बोलतो. तीं उतरविण्यास जितका वेळ लागेल त्याची सहापट म्हणजे एका तासाचा हिशेब. आणि 'नोतों'सारख्या जागांची यादी वेगळी करून ती त्यांना लवकर वाचून दाखवावी, ते उत्तर देऊं शकतात तोंवर.