पहिला कॅमेरा घेताय? आधी काम ठरवा, मग लेन्स, शेवटी बॉडी



फोटोग्राफीचा व्यवसाय सुरू करायचाय म्हणणारे बहुतेक जण पहिला प्रश्न हाच विचारतात, "सर, कॅनन घेऊ, निकॉन घेऊ की सोनी?" त्यावर माझा उलटा प्रश्न असतो: तुमची पहिली ऑर्डर कसली असणार आहे? याचं उत्तर नसेल तर पैसे सध्या खिशातच राहू द्या. पहिलं भांडवल जमवायला वर्षं लागतात. ते सगळं बॉडीत घातलं तर लेन्सला काही उरत नाही. आणि ग्राहक फोटो बघतो, बॉडीवरचा नंबर नाही.

१. आपल्या पट्ट्यात काम कुठलं आहे?

वढू बुद्रुक, कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर हा भाग डोळ्यासमोर आणा. सुरुवातीला साधारण चार प्रकारची कामं मिळू शकतात.

*बारसं, वाढदिवस:* दहा बाय बाराची खोली, त्यात वीस माणसं. सगळे सांगतात "५० एमएम घे". पण बजेटमधल्या बॉडीत लहान, म्हणजे एपीएस-सी सेन्सर असतो. त्यावर कॅननची ५० एमएम लेन्स ८० सारखी दिसते, निकॉन-सोनीवर ७५ सारखी. भिंतीला पाठ टेकवली तरी पाळणा आणि आत्याबाई एका फ्रेममध्ये बसत नाहीत. इथे कॅननची २४ एमएम एफ २.८ किंवा निकॉनची ३५ एमएम एफ १.८ डीएक्स जास्त कामाची.

*हळद, लग्न:* नवरा-नवरीचे क्लोजअप हवेत आणि हॉलमधला उजेड कमी. इथे मात्र ५० एमएम एफ १.८ पैसे वसूल करते.

*बैलगाडा शर्यत:* २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा कायम ठेवला. गाडामालकाला फ्लेक्ससाठी फोटो हवा असतो. बारी सुटली की शटर निदान १/१००० लागतं. पण काम भर उन्हातलं, त्यामुळे ५५-२५० सारखी साधी झूम लेन्स पुरते.

*मसाले, पापड, गूळ विकणाऱ्यांचे प्रॉडक्ट फोटो:* खिडकीचा उजेड, ट्रायपॉड आणि किट लेन्स. नवीन काही घ्यायची गरज नाही.

२. एफ नंबरचा हिशोब

बॉडीसोबत येणारी १८-५५ किट लेन्स झूम केल्यावर एफ ५.६ पर्यंतच उघडते. एफ १.८ लेन्स तिच्यापेक्षा जवळपास दहापट उजेड आत घेते. म्हणजे बाकी सेटिंग तेच ठेवून हॉलमध्ये किट लेन्सला १/१५ शटर लागत असेल, तर हिला सुमारे १/१५० चालतं. पहिल्यात हात हलला की फोटो गेला, दुसऱ्यात वाचतो. एक लक्षात ठेवा: ग्रुप फोटोला एफ १.८ वापरू नका, मागच्या रांगेचे चेहरे धूसर येतात. तिथे एफ ५.६ आणि फ्लॅश.

३. आता बॉडी

काम मुख्यतः फोटोंचं आणि बजेट तंग असेल तर वापरलेला डीएसएलआर बघा. कॅननचे १५००डी, २००डी मार्क टू किंवा निकॉनचे डी३५००, डी५६००. निकॉनच्या या दोन बॉडींमध्ये फोकसची मोटर नाही. त्यामुळे स्वस्त मिळते म्हणून ५० एमएम १.८डी घेतलीत तर ऑटोफोकस चालणारच नाही. लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलंय का, ते बघून घ्या.

रील आणि व्हिडिओच्या ऑर्डर जास्त असतील तर मिररलेस: सोनी झेडव्ही-ई१०, निकॉन झेड३०, कॅनन आर५०. यातल्या पहिल्या दोघांना डोळा लावायचा व्ह्यूफाइंडर नाही. दुपारच्या उन्हात, घाटावर स्क्रीन नीट दिसत नाही, हे शर्यतीचं काम करणाऱ्यांनी आधीच ध्यानात घ्यावं. कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स अडॅप्टर लावून आर५० वर ऑटोफोकससह चालतात, म्हणजे आज घेतलेली लेन्स उद्या वाया जात नाही.

४. जुना माल तपासताना

- मोबाईलचा टॉर्च लेन्समधून मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी. सौदा सोडा.
- शटर काउंट विचारा. निकॉनच्या फोटो फाइलमध्येच तो नोंदलेला असतो. डी३५०० चं शटर १,००,००० क्लिकपर्यंत तपासलेलं आहे. एका लग्नात १,५०० क्लिक धरले तर किती लग्नं उरली, ते मोजा.
- मूळ बिल आणि बॉडीवरचा सिरियल नंबर जुळला पाहिजे.

५. पैशांची वाटणी

समजा हातात ६०,००० रुपये आहेत. बॉडी आणि किट लेन्सला ३२,००० ची मर्यादा, दुसऱ्या लेन्सला १०,०००, फ्लॅशला ६,०००, जादा बॅटरी आणि दोन कार्डांना ५,०००. उरलेल्या ७,००० ला हात लावायचा नाही. हे बाजारभाव नाहीत, तुमची लक्ष्मणरेषा आहे. यात बसेल तेच घ्या. मोठी लेन्स एखाद्याच कामाला लागणार असेल तर पुण्यातून भाड्याने आणा.

एका वाढदिवसातून खर्च जाऊन २,००० हातात राहतात असं धरलं, तर ६०,००० सुटायला ३० कामं. ३०,००० ने महाग बॉडी घेतली की आणखी १५ कामं. त्या बॉडीसाठी ग्राहक जादा पैसे देणार आहे का?

मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० पर्यंत कर्ज मिळतं. पण चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त नसतात आणि हप्ता मात्र दर महिन्याला येतो. त्या महिन्यांत प्रॉडक्ट फोटो आणि वाढदिवसांवर हप्ता निघेल का, हे कागदावर मांडा आणि मगच सही करा.

६. लग्न परत लागत नाही

या वर्गातल्या बॉडींना कार्डाची जागा एकच असते. कार्ड गेलं तर मंगलाष्टका परत कोणी म्हणणार नाही. म्हणून हळदीचं कार्ड वेगळं, लग्नाचं वेगळं. दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय एकही फोटो पुसायचा नाही. आणि दुसरी बॉडी हाताशी असलेला मित्र सोबत नसेल, तर लग्नाची ऑर्डर एकट्याच्या जोरावर घेऊ नका.

या आठवड्याचा गृहपाठ: गावातल्या दहा जणांना विचारा, येत्या सहा महिन्यांत त्यांच्या घरी किंवा दुकानात फोटोचं काय काम आहे. दहा उत्तरं वहीत लिहा. ज्या कामाचं नाव सगळ्यात जास्त वेळा आलं, त्याची लेन्स आधी ठरवा. ती यादी घेऊनच दुकानात पाऊल टाका.