समुद्राकाठचं घर आणि सात नावं

समुद्राकाठी आपलं एक घर असावं, असं कुणाला नाही वाटत? आम्ही तर खाप्याचे. कन्हानचा पूर पाहिलेला, समुद्र सहलीपुरताच. 'हे' रिटायर झाले, हातात चार पैसे आले आणि दापोलीजवळच्या हर्णैला घर घ्यायचं आम्ही मनावर घेतलं. समोर सुवर्णदुर्ग, बंदरात होड्या, संध्याकाळी वाळूवर मासळीचा लिलाव. अजून काय पाहिजे बाप्पा!

पण मैत्रिणींनो, घर बघणं वेगळं अन् घेणं वेगळं. दलालाने एक कौलारू घर दाखवलं आणि नमुना आठचा उतारा पुढे केला. तो घरपट्टीचा कागद. त्याने मालकी सिद्ध होत नाही. जमिनीचा उतारा मागितला, तर सामाईक नावं निघाली सात! त्यात दोन बहिणी. 'बहिणींचं काय, सही घेऊन टाकू,' दलाल म्हणाला. मला ते खटकलं. मीही कुणाची तरी बहीणच आहे नं! २००५ च्या कायदा-दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. वडील त्याआधी वारले असले तरी तो राहतो, असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलं.

मी थोरल्या बहिणीला फोन लावला. ती म्हणाली, "गणपतीत मी तिथेच जाते हो. ते विकलं की माझं माहेर संपलं." तिला विक्रीचं कुणी विचारलंच नव्हतं.

शेजारच्या मावशींनीही ऐकवलं. बाहेरचे लोक घर घेतात, अकरा महिने कुलूप लावतात. जाळी पसरायला, मासळी वाळवायला जागा उरत नाही. पावसाळ्यात यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा शेजारच उपयोगी पडतो. जून २०२० च्या निसर्ग वादळात कौलं उडाली, तेव्हा एकमेकांच्या घरांवर ताडपत्र्या शेजाऱ्यांनीच बांधल्या.

आम्ही बयाणा दिला नाही. 'हे' दोन दिवस गप्प होते. आता वर्षातून एक महिना तिथे भाड्याने राहायचं ठरलंय.

तुम्ही घेणार असाल, तर एवढं बघाच. उताऱ्यावरच्या प्रत्येक नावाला, विशेषतः बायकांना, स्वतः भेटा. जमीन शेतीची असेल, तर घेणाऱ्याला शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. भरतीरेषा किती दूर, ते विचारा. किनाऱ्यावरच्या बांधकामावर १९९१ पासून निर्बंध आहेत आणि २०१९ च्या नियमांतही विरळ वस्तीच्या गावांत २०० मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्र आहे. विहिरीचं पाणी मे महिन्यात चाखून बघा. आणि घर स्वतःच्या नावावर घ्या! राज्यात एप्रिल २०२१ पासून बाईच्या नावाने राहतं घर घेतलं, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. फक्त त्या घरावर दुसऱ्या बाईचा हक्क बुडालेला नसावा, एवढं बघा.