चावी ज्वारीच्या डब्यात

धुळ्याला आमच्या आत्याकडे चोरी झाली तेव्हा घरात कोणी नव्हते. सगळी मंडळी सप्तशृंगीला गेली होती. परत येऊन पाहतात तो पुढच्या दाराचा कोयंडा उखडलेला. आतले लोखंडी कपाट मात्र साधा ओरखडाही न उठता सताड उघडे. मी जळगावहून पोचलो तेव्हा आत्या एवढेच म्हणाली, "फोडं काहीच नही भाऊ, चावी लाईसन उघाडं." चावी स्वयंपाकघरात ज्वारीच्या डब्यात होती. तिच्या सासूबाईही तिथेच ठेवीत. पाटल्या गेल्या, गोठ गेले, सुनेचा राणीहार गेला.

पंचनाम्याला आलेल्या फौजदारांनी मात्र सोन्याआधी दुसरीच चौकशी केली. "परवान्याची बंदूक कुठे आहे?" आत्याच्या यजमानांची बारा बोअरची दुनळी आहे, शेतात रानडुकरे येतात म्हणून घेतलेली. निवडणुका आल्या की ठाण्यात जमा करायची, एरवी दाराआड, खाकी गवसणीत. चोरांना ती दिसली नव्हती, एवढेच आमचे नशीब. मला घाम फुटला तो त्यानंतर. सात वर्षांचा नातू म्हणाला, "मला माहीत होती ती कुठे असते!" आणि तिच्या काडतुसांचा डबाही त्यानेच दाखवला. सोने गेले तर नुकसान आपले. बंदूक गेली तर ती कोणाच्या छातीवर रोखली जाईल, सांगता येत नाही. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारकाला शस्त्र सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी द्यावी लागते. दाराआडची गवसणी त्या हमीत कशी बसावी?

मी सुवर्णनगरीचा, म्हणून तिजोरी निवडण्याचे काम माझ्याकडे आले. जळगावकराला सोन्याचा कस कळतो; लोखंडाचा कळतोच असे नाही, हे दोन आठवडे दुकाने फिरल्यावर समजले.

पहिली गोष्ट, कपाट म्हणजे तिजोरी नव्हे. घरोघरच्या कपाटाचा पत्रा एक मिलिमीटरच्या आतबाहेर असतो. आतल्या 'लॉकर'चाही तसाच. पहारीपुढे तो किती टिकणार? दुसरी गोष्ट दुकानदार आपणहून सांगत नाहीत. आगीपासून वाचवणारी तिजोरी आणि चोरापासून वाचवणारी तिजोरी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आगीच्या तिजोरीत दोन पत्र्यांमध्ये ओलावा धरून ठेवणारे मिश्रण भरलेले असते. ते तापले की वाफ सोडते आणि आतली उष्णता काही काळ रोखून धरते. ही सोय कागदांसाठी. सोने १०६४ अंशांना वितळते, त्याआधी सात-बारा आणि खरेदीखत केव्हाच काळे झालेले असते. पण त्याच ओलाव्याने बंद तिजोरी आतून दमट राहते, कागदाला बुरशी आणि बंदुकीला गंज चढतो. सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या बदलत राहाव्या लागतात.

१४ एप्रिल १९४४ ही तारीख या निमित्ताने सारखी आठवत राहिली. त्या दुपारी मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टायकिन' जहाजाचा स्फोट झाला. जहाजावरच्या सोन्याच्या विटा शहरात उडून पडल्या. एक तर दूरवरच्या घराच्या गच्चीत सापडली. त्या आगीतूनही गोदरेजच्या तिजोऱ्यांतला ऐवज शाबूत निघाल्याची हकीकत आजही सांगतात. आणि त्याच दिवशी आमच्या खानदेशात, चिमठाण्याजवळ, सरकारी खजिना क्रांतिकारकांनी भर रस्त्यात लुटला. साडेपाच लाखांच्या घरातली रक्कम, सोबत पहारा. खजिना ज्या पेटीत होता ती कितीही भक्कम असो, ती वाटेवर होती.

घरातली छोटी तिजोरीही अशी वाटेला लागते. चोर ती फोडत बसत नाहीत, उचलून नेतात. म्हणून ती काँक्रीटमध्ये बोल्टने आवळायला हवी. आत्याचे घर जुने, धाब्याचे. मातीच्या भिंतीत बोल्ट धरत नाही. शेवटी मागच्या खोलीची जमीन खणून काँक्रीट ओतले. तिजोरीपेक्षा हेच काम अवघड गेले! उंचीही आधी मोजून घेतली. दुनळीची नळी दस्त्यापासून वेगळी काढली तरी ती सुमारे तीस इंच असते, ती आत तिरपी का होईना मावली पाहिजे. काडतुसे निराळ्या कुलपात, निराळ्या खोलीत.

बँकेतला लॉकर घ्या, असेही पुष्कळांनी सांगितले. लग्नसराईखेरीज न लागणारे दागिने तिथेच बरे. पण रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२पासूनच्या नियमानुसार चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याची लबाडी झाल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंतच असते. दोन हजार भाडे असेल तर दोन लाख. त्यात किती तोळे येतात, हे जळगावात कोणाला सांगायला नको. विमा निराळा उतरवावा लागतो. विम्यासाठी पावत्या, दागिन्यांचे फोटो आणि हॉलमार्कसोबतचा सहा अक्षरांचा क्रमांक घराबाहेर कुठेतरी असावा. आत्याच्या पावत्या दागिन्यांबरोबरच, त्याच कपाटात होत्या.

अंकांचे कुलूप आत्याने साफ नाकारले. "सेल संपनात तर?" जाड पत्र्याची, किल्लीची तिजोरी आली, बोल्ट आवळले, सगळ्यांनी हळद-कुंकू वाहिले. मग तिने दोन्ही किल्ल्या हातात घेतल्या, आणि मी पाहतो तो पाय स्वयंपाकघराकडे वळलेले. सगळे एकदम ओरडले, तशी हसत थांबली. एक किल्ली आता तिच्या कमरेच्या पिशवीत असते. दुसरी माझ्याकडे, जळगावला. कुठे ठेवली आहे ते इथे छापत नाही.